ती पायरी माझी आहे

कोयंबत्तूर, ३ जून

अत्तैंना तुमच्या भाचीचा, पोन्मलरचा नमस्कार.

तुमचे अप्पलम पापड पोचले. वसतिगृहातल्या पोरींनी तळायचीही वाट पाहिली नाही, इस्त्रीवर भाजून खाल्ले. मामांचा गुडघा कसा आहे?

फोन करायचा तर तुम्हाला ऐकू येत नाही. मी ओरडले की इकडे सगळी खोली ऐकते, आणि तिकडे मामा तेच तुमच्या कानात ओरडतात म्हणजे सगळी गल्ली ऐकते. म्हणून हे पत्र. गल्लीला कळवू नका.

पोंगलला तुम्ही विचारलंत, "दिवसभर खुर्चीत बसून करतेस तरी काय?" तेव्हा मी हसले. आज सांगते, कारण आज त्यावरूनच भांडण झालंय.

आमच्याकडे इस्पितळासाठी प्रोग्रॅम बनतो. नर्सने पेशंटचं नाव लिहायचं, बटण दाबायचं, की तपासायला काढलेल्या रक्ताच्या बाटलीवर लावायची चिठ्ठी छापून येते. हे नीट चालतं का ते बघणं माझं काम. मी एकदा नर्ससारखं सगळं करून दाखवते आणि ते रेकॉर्ड होतं, म्हणजे माझी बोटं कुठे कुठे गेली ते यंत्र लक्षात ठेवतं. मग रोज ते आपलं आपण तसंच करून बघतं. अडलं नाही तर हिरवा दिवा, अडलं तर लाल.

पण अत्तै, यंत्राला बोटंच तेवढी आठवतात. चिठ्ठी निघाली एवढं त्याला कळतं. चिठ्ठीवर काय छापलंय ते वाचत नाही. म्हणून रेकॉर्ड केलेल्या पायऱ्यांच्या मधोमध मी एक पायरी स्वतः कोड लिहून घातली: इथे थांब, चिठ्ठी वाच, लिहिलेलं नाव आणि छापलेलं नाव एकच आहे का बघ.

आणि दुसरं एक केलं. रेकॉर्डिंगमध्ये पहिल्यापासून एकच नाव होतं, अनिता कपूर, कारण पहिलं गिऱ्हाईक दिल्लीचं होतं. आपल्याकडे कपूर कुठून येणार? आपल्याला आडनावच नाही, आहे ते बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या नावाचं एक अक्षर. म्हणून मी दोन बायका घातल्या, एस. मंगैयर्करसी आणि के. मंगैयर्करसी. रागावू नका. एक तुमच्या वडिलांच्या अक्षराची, एक तुमच्या नवऱ्याच्या, म्हणजे मामांच्या. एवढं लांब नाव दुसऱ्या कुणाचं मला आठवलं नाही.

लाल!

आडनावाच्या रकान्यात एकच अक्षर आलं की प्रोग्रॅम ते गपचूप टाकून देतो. दोन्ही चिठ्ठ्यांवर नुसतं "मंगैयर्करसी". एवढंच नाही, दोघी एकाच वॉर्डात, एकाच वयाच्या म्हणून दुसरीचं रक्त पहिलीच्या फाइलमध्ये जाऊन बसलं.

जयचंद्रन सर म्हणतात, "असं कितीदा होणार, मलर? इस्पितळाची माणसं जुलैत बघायला येणार आहेत. सगळं हिरवं दिसलं पाहिजे. तुझी ती पायरी काढून टाक."

मी म्हटलं, "सर, नावाचा रकाना दुरुस्त करायला सांगा ना."

"तो नंतर. आधी पायरी."

मी काढलेली नाही. काढावी का?

तुमची,
मलर

*

शिवमयम्

कल्लिडैकुरिची, १० जून

चि. मलर हिस अनेक आशीर्वाद.

कागदाच्या मागच्या बाजूला लग्नपत्रिका आहे ती बघून दचकू नकोस. ते लग्न मागच्या महिन्यात झालं, आणि तुझं नव्हतं. चांगला जाड कागद, एक बाजू कोरी, टाकवत नाही.

आता तू काय केलंस ते बघू. मला, चांगल्या धडधाकट सवाष्णीला, भर वैकासीच्या शुभ महिन्यात इस्पितळात दाखल केलंस! तेही दोनदा! आणि रक्त काढलंस! मामांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "एक मंगैयर्करसी घरात पुरेशी आहे, दुसरी तिकडेच ठेवून घे म्हणावं." मी त्याच शुक्रवारी, अशुभ टळावं म्हणून, अम्मन देवीला लिंबाची माळ घातली.

तू विचारलंस म्हणून सांगते. काढून टाक. साहेब काढ म्हणाले ना? माझ्या सासूबाई आमटी चाखून म्हणायच्या, मीठ कमी. मला ठाऊक असायचं की बरोबर आहे, तरी मी चिमूटभर घालायची. वाद कशाला? घर टिकलं. तुझ्या बापाची जीभ अशीच होती, माझा सख्खा भाऊ म्हणून बोलते. कुठल्याही साहेबाशी त्याचं दोन पोंगलपेक्षा जास्त पटलं नाही. तू मुलगी आहेस, वसतिगृहात एकटी आहेस. एक पायरी काढल्याने जिना पडत नाही.

इकडची बातमी म्हणजे देवळात आरतीचं विजेचं यंत्र आलं. नेल्लैयप्पन अण्णाच्चींनी दिलं, ते आता विश्वस्त आहेत ना. देवळात तविल ढोल वाजवणारा पळनी तिरुप्पूरला बनियनच्या कारखान्यात गेला, मग काय करणार? यंत्राला दोन ढोल, एक घंटा, एक झांज. घड्याळ लावून ठेवलंय, सांजेच्या आरतीला आपोआप सुरू होतं. लोक नावं ठेवतात. मला मात्र फार आवडलं. पळनी वाजवायचा ते मला ऐकूच यायचं नाही, हे थेट छातीत ऐकू येतं.

अप्पलम इस्त्रीवर भाजू नयेत. कपड्यांना वास लागतो.

अत्तै

*

कोयंबत्तूर, १९ जून

अत्तैंना नमस्कार.

पत्र मिळालं. ती पायरी आता तिथे नाही. सगळं हिरवं आहे. जयचंद्रन सर खूश आहेत. मला दुसरं काम दिलंय, हलकं आहे.

इथे पाऊस नाही, पण वारा सुटला आहे. मामांच्या गुडघ्याला तेल लावत जा.

मलर

*

शिवमयम्

कल्लिडैकुरिची, २ जुलै

चि. मलर हिस आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे पोस्टमनला दिलेली पावती. चार ओळी! मी मामांना म्हटलं, पोरगी शहाणी झाली, ऐकलं तिने. मामा म्हणाले, "शहाण्या माणसाचं पत्र एवढं छोटं नसतं, रागावलेल्याचं असतं." मी लक्ष दिलं नाही.

आता परवाच्या शुक्रवारची गोष्ट ऐक. देऊळ भरलेलं होतं. मंडपात मागे बसलं की खांबांमुळे गाभारा दिसत नाही हे तुला माहीत आहे. वेळ झाली आणि यंत्र सुरू झालं, धडाड धडाड. सगळ्यांनी हात जोडले, डोळे मिटले, गाल थोपटून घेतले. कुणी "आई, तायेऽ" म्हणून ओरडलं. मीही डोळे मिटले. तेवढ्यात पायावर मुंगी चढली. झटकायला म्हणून वाकले तर दोन खांबांच्या मधून सरळ गाभारा दिसला.

पडदा ओढलेला. दिवा नाही. पूजा करणारे गुरुक्कलही नाहीत!

मला वाटलं, माझे डोळेही गेले की काय. यंत्र आपलं वाजतंय, झांज काय, घंटा काय. मग आपोआप बंद झालं. बायकांनी डोळे उघडले, खांबाजवळच्या वाटीतली विभूती लावली आणि निघाल्या. पुढच्या रांगेतली ती सेप्परै नावाची बाई मला म्हणते कशी, "आज गुरुक्कलांनी पडदा फारच लवकर ओढला नाही का?" मी म्हटलं, "ओढला कुठे? उघडलाच नव्हता!" ती म्हणाली, "तुम्हाला ऐकू आलं नसेल आच्ची." अगं, मला ऐकूच तर आलं होतं!

गुरुक्कल सेरन्मादेवीला वास्तुशांतीला गेले होते. रेल्वेच्या फाटकात बस अडकली. धापा टाकत आले तेव्हा मंडप रिकामा. त्यांनी दिवा लावला, पडदा सारला. त्या शुक्रवारी अम्मनची आरती एका बहिऱ्या बाईने पाहिली. बाकी सगळ्या गावाने पडद्याला नमस्कार केला आणि समाधानाने घरी जाऊन इडली खाल्ली.

मी सकाळी अण्णाच्चींना गाठलं. ते म्हणाले, "आच्ची, यंत्र वेळेवर वाजलं की नाही? मग तक्रार काय?"

मी म्हटलं, "वाजलं. पण ते घड्याळाकडे बघतं, दिव्याकडे बघत नाही."

"यंत्राला डोळे असतात का?"

"नसतात ना? मग कुणीतरी शेजारी उभं राहायला नको?"

ते हसले. "तुम्ही उभ्या राहा."

घरी आले आणि तुझं जूनचं पत्र पुन्हा काढून वाचलं. मलर, तेव्हा मी तुझी पायरी वाचलीच नव्हती, मी "साहेब" एवढंच वाचलं होतं. आता कळलं. मी तुला मिठाची गोष्ट सांगितली, ती इथे लागू नाही. आमटीत चिमूटभर मीठ जास्त झालं तर माणूस पाणी पितो. एकीचं रक्त दुसरीच्या नावावर गेलं तर काय प्यायचं?

माझं ते पत्र चुलीत घाल. वसतिगृहात चूल नसेल तर फाड. आणि ती पायरी परत घाल.

मी रोज उभी राहते यंत्राजवळ. वायर काढून हातात धरते. गाभाऱ्यात दिवा दिसला की मगच लावते. अण्णाच्चींना वाटलं होतं मी गंमत करते आहे.

अत्तै

*

कोयंबत्तूर, ८ जुलै

अत्तैंना नमस्कार.

मामांचं बरोबर होतं. मी रागावले होते. तुमच्यावर थोडी, माझ्यावर जास्त.

खरं सांगते. पायरी मी काढली नाही. मी नाही म्हटलं, तेव्हा सरांनी माझ्याकडून ते कामच काढून घेतलं आणि अब्बासला दिलं. त्याने काढली. नंतर जेवायच्या डब्यासमोर बसून मला म्हणाला, "मलर, माझ्या घरी बाळ येणार आहे, मला शूर व्हायला जमत नाही." मी त्याच्या डब्यातली अर्धी बिर्याणी खाल्ली. मला आता बटणांचे रंग तपासायला बसवलंय. निळं निळं आहे का, एवढंच बघायचं. म्हणून लिहिलं, "ती पायरी तिथे नाही". खोटं नव्हतं. तुम्हाला जे वाटायचं ते वाटू दिलं, इतकंच.

पण आता ऐका. अब्बासला मुलगी झाली, तो पालक्काडला गेलाय. इस्पितळाची माणसं सोळाला येणार आहेत, आणि त्या चाचण्या चालवून दाखवणारं माझ्याशिवाय कुणी नाही. सर आज माझ्या खुर्चीशी येऊन गोड बोलले. "मलर, तूच बस हं. नुसतं चालवायचं."

तुमचं पत्र पर्समध्ये होतं. मी म्हटलं, "बसते सर. पण माझी पायरी परत घालून बसणार."

"गंमत करतेस?"

"नाही सर. आज आठ तारीख आहे. अजून वेळ आहे, रकाना दुरुस्त करायला सांगा, सगळं खरोखरचं हिरवं होईल. नाहीतर पायरी काढा आणि त्या खुर्चीत तुम्ही बसा. मी बसले तर ती असेल."

ते हसले. अगदी तुमच्या अण्णाच्चींसारखे हसले असणार. त्यांना वाटतंय, ऐन वेळी माझी हिंमत होणार नाही.

मला भीती वाटते आहे अत्तै. नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत काय, हे रोज मनात येतं. पण त्या वॉर्डात खरीच कुणी मंगैयर्करसी झोपलेली असेल, आणि शेजारच्या खाटेवर दुसरी, हेही येतं.

मलर

*

शिवमयम्

कल्लिडैकुरिची, १२ जुलै

मलर,

हे पत्र सोळाच्या आत पोचावं म्हणून मामा दुखऱ्या गुडघ्याने स्वतः टपाल कचेरीत जात आहेत. सोबत विभूती आहे. खरोखरच्या आरतीची आहे, मी डोळ्यांनी पाहिलेल्या.

नोकरी गेली तर इकडे ये. माडीवरची खोली रिकामी आहे. तांदूळ दोन मुठी जास्त टाकीन. अप्पलम लाटायला हात कमीच पडतात. हे मी तुला घाबरवायला नाही, भीती उतरावी म्हणून लिहिते.

अण्णाच्चींनी यंत्राला पेटी करून कुलूप लावलं. वायर आता आत आहे. मी घरच्या देवघरातली पितळी घंटा घेऊन जाते. यंत्र वाजतं तेव्हा मी हात जोडत नाही, तशीच ताठ उभी राहते. दिवा दिसला की माझी घंटा वाजवते. अण्णाच्ची काल सगळ्यांसमोर म्हणाले, "आच्ची, देवळाला एक घंटा पुरे." मी म्हटलं, "एक पुरे, खरी असली तर." त्यांनी पुढे काय म्हटलं ते मला ऐकू आलं नाही. बहिरेपणाचा एवढा उपयोग मला आजवर झाला नव्हता.

चालव तू. अम्मन आहे.

अत्तै

*

कोयंबत्तूर, २० जुलै

अत्तैंना नमस्कार.

झालं.

विभूती पंधराला मिळाली. लावून गेले. सकाळी लवकर जाऊन पायरी घातली आणि सरांना सांगितलं, "घातली आहे सर." त्यांनी पडद्यावर नजर टाकली. म्हणाले, "बघू."

इस्पितळाचे व्यवस्थापक आले, आणि त्यांच्याबरोबर मुख्य नर्स, ग्लोरी सिस्टर म्हणून. नागरकोविलच्या. पांढरी साडी, पेनाला दोरी बांधून गळ्यात. मी चाचण्या सुरू केल्या. हिरवा, हिरवा, हिरवा. व्यवस्थापक माना डोलवत होते. मग तुम्ही दोघी आलात आणि लाल झालं.

सर लगेच म्हणाले, "नेटवर्कचा प्रॉब्लेम. इथे अधूनमधून होतो."

मी तोंड उघडलं. "नेटवर्क नाही सर. ती माझी पायरी आहे. तिने बरोबर पकडलंय."

ग्लोरी सिस्टर पुढे वाकल्या. "काय पकडलंय?"

मी सांगितलं, तुम्हाला सांगितलं होतं तसंच. सर मधेच म्हणाले, "सिस्टर, हे फार क्वचित होईल."

"क्वचित?" सिस्टर म्हणाल्या. "कधीही या. माझ्या वॉर्डात तीन तरी सेल्वी सापडतील. 'कुठली सेल्वी' विचारल्याशिवाय आमची पोरगी सुई उचलत नाही. ऊठ बाळा, मला बसू दे." माझ्या खुर्चीत बसून एका बोटाने त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं. ए. ग्लोरी. चिठ्ठी निघाली. ग्लोरी.

त्यांनी ती चिठ्ठी उचलली, व्यवस्थापकांच्या समोर ठेवली आणि म्हणाल्या, "माझा बाप कुठे गेला?"

ते लोक चहा न घेता गेले.

दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, घरी थांब. काल निरोप आला की परत घेतील, पण आधी लिहून द्यायचं: "परवानगी नसलेली पायरी पाहुण्यांसमोर चालवली, त्याबद्दल मी दिलगीर आहे, पुन्हा असं करणार नाही." कागद टाइप करूनच पाठवलाय. खाली नुसती सही हवी.

वसतिगृहातल्या सगळ्या म्हणतात, सही कर, एका सहीने काय होतं. बॅग अर्धी भरून ठेवली आहे. तुम्ही काय म्हणता?

मलर

*

शिवमयम्

कल्लिडैकुरिची, २५ जुलै

मलर,

सही करू नकोस.

चोरून केलं असतंस तर मीच म्हटलं असतं, माफी माग. तू आठ दिवस आधी तोंडावर सांगितलंस. "पुन्हा असं करणार नाही" याच्याखाली तुझं नाव गेलं, की पुढच्या वेळी लाल दिसलं तरी तुला डोळे मिटावे लागतील. तुझ्या बापाच्या जिभेला मी जूनमध्ये नावं ठेवली. ती जीभ तुझ्या तोंडात आहे, देवाची कृपा.

बॅग भरलीच आहेस तर पुरी भर, किंवा पुरी रिकामी कर. अर्धी ठेवू नकोस.

इकडचं सांगते. देवीचा आडि महिना लागला, देवळात पाय ठेवायला जागा नसते. शुक्रवारी यंत्र वाजायला लागलं आणि मी नेहमीप्रमाणे ताठ उभी. बघते तर सेप्परैनेही हात जोडले नव्हते. मान उंच करून खांबांमधून बघत होती. तिच्या मागच्याही. सगळा मंडप माना उंच करून उभा, आणि यंत्र एकटंच धडाड धडाड करतंय. अण्णाच्चींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवा लागला, मी घंटा वाजवली, तेव्हा कुठे हात जोडले गेले.

आज सकाळी त्यांनी पेटीची किल्ली गुरुक्कलांकडे दिली. म्हणाले, दिवा हातात घेतल्यावर तुम्हीच चालू करत जा. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असतील तर मला ऐकू आलं नाही.

अत्तै

*

कोयंबत्तूर, २० ऑगस्ट

अत्तैंना नमस्कार.

सही केली नाही. त्याच कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहून पाठवलं (बघा, तुमच्याकडून शिकले): "आठ दिवस आधी सांगितलं होतं. पायरी खरी आहे. ती काढणार नाही, आणि लाल दिसलं तर लालच म्हणेन. या अटीवर कामावर येईन." खाली पूर्ण सही, बापाच्या अक्षरासकट.

बराच काळ काही उत्तर आलं नाही. मी बॅग पुरी भरली, तिकीटही बघितलं. मग एक दिवस अब्बासचा फोन. ग्लोरी सिस्टरांनी कळवलं होतं, ती चाचणी हिरवी होईपर्यंत आमच्या इस्पितळात हा प्रोग्रॅम नको, आणि हिरवी झाली हे त्याच मुलीने सांगायचं. सरांनी मला बोलावलं. ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. बोलू देत. बढतीच्या यादीतून माझं नाव गेलंय म्हणे. जाऊ दे.

रकाना दुरुस्त झाला. अब्बासने दोन दिवस माझ्या शेजारी बसून मदत केली. शेवटी मी चाचणी चालवली आणि त्या पायरीवर, माझ्या पायरीवर, हिरवा दिवा लागला. यावेळी खरोखरचा.

तेव्हा आता ऐका. रोज सकाळी यंत्र तुम्हाला इस्पितळात दाखल करतं, एकदा वडिलांच्या अक्षरासह, एकदा मामांच्या. दोघींच्या दोन चिठ्ठ्या, दोन फायली, रक्त आपापल्या जागी. नावं बदलू का, म्हणून सरांनी विचारलं होतं. मी म्हटलं, "नको सर. त्या बाईंना कुठूनही काढणं सोपं नाही."

लिंबाच्या माळा मात्र आता रोज घालाव्या लागतील.

तुमची,
शि. पोन्मलर